प्रकल्पवही आणि दुसरे शील

आपल्या शाळेत सकाळच्या वंदनेत विद्यार्थी रोज पंचशील ग्रहण करतात. त्यांतील दुसरे शील अदिन्नादानाविषयीचे, म्हणजे जे आपल्याला दिले गेलेले नाही ते न घेण्याचे. या शीलाचा अर्थ लहान मुलांना समजावताना आपण पैसा, पेन, शेजारच्या पेटीतील खाऊ अशी उदाहरणे देतो. ती योग्यच आहेत. परंतु त्याच विद्यार्थ्याच्या हातात दुपारी इतिहासाची प्रकल्पवही असते आणि तिच्यातील बहुतेक मजकूर दुसऱ्या कोणाचा तरी असतो. तो कोणाचा, कोठून घेतला, केव्हा लिहिला गेला, याची एकही नोंद वहीत नसते. सकाळी घेतलेले शील आणि दुपारी लिहिलेली वही यांच्यामध्ये जे अंतर पडले आहे, त्याविषयी या स्मरणिकेच्या निमित्ताने काही विचार मांडावेत असे आम्हांस वाटते.

प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे, की हा विद्यार्थ्यांवरील आरोप नाही. प्रकल्प कसा तयार होतो हे शिक्षणक्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. सत्राच्या अखेरीस विषयांची यादी फळ्यावर लिहिली जाते. 'राजर्षी शाहू महाराजांचे कार्य', 'जलप्रदूषण', 'माझा तालुका' हे विषय वर्षानुवर्षे तेच असतात. मुलगा सुटीत गावी गेला की दुकानातून चित्रांचा तक्ता आणतो, कोणाच्या तरी मोबाइलवरून मजकूर उतरवून घेतो, किंवा मागच्या वर्षीच्या मुलाची वही मिळवतो. मुखपृष्ठावर चमकी लावतो, समासात वेलबुट्टी काढतो. तपासणारा अक्षर पाहतो, सजावट पाहतो, पानांची संख्या पाहतो आणि गुण देतो. 'हे तुला कोठे मिळाले?' हा प्रश्न त्या साऱ्या व्यवहारात कोणी विचारत नाही. जे विचारले जात नाही ते मूल शिकत नाही. उलट, ज्ञान म्हणजे कोठूनतरी उचलून सुबक अक्षरात मांडलेला मजकूर, हा धडा मात्र ते पक्का शिकते. आता तर मोबाइलवर विषय लिहिला की कृत्रिम बुद्धिमत्ता सबंध निबंधच लिहून देते आणि प्रसंगी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही संदर्भ म्हणून पुढे करते. पूर्वी निदान उतरवून घेताना चार ओळी डोळ्यांखालून जात होत्या. आता तेवढेही उरलेले नाही.

संदर्भ देणे ही विद्यापीठांनी पश्चिमेकडून आणलेली औपचारिकता आहे, असा एक समज आढळतो. बौद्ध परंपरेशी ज्याचा परिचय आहे त्याने तरी तो बाळगू नये. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली. तेथे महाकस्सपांनी उपालींना विनयाविषयी आणि आनंदांना सुत्तांविषयी प्रश्न विचारले. ते प्रश्न कोणते होते, हे विनयपिटकात नोंदलेले आहे. हे वचन कोठे सांगितले गेले? कोणाच्या संदर्भात? कोणत्या प्रसंगी? आनंद पंचवीस वर्षे तथागतांच्या सेवेत होते, त्यांची स्मरणशक्ती सर्वमान्य होती. तरीही त्यांना स्थळ, व्यक्ती आणि प्रसंग विचारला गेला आणि त्यांनी तो सांगितला. सुत्तांच्या आरंभी ऐकणारा 'मी असे ऐकले आहे' अशी साक्ष देतो आणि पाठोपाठ तथागत त्या वेळी कोठे विहरत होते ते सांगतो. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रत्येक सुत्त आपला संदर्भ कपाळावर घेऊनच येते.

याच्याही पुढची पायरी महापरिनिब्बान सुत्तात आहे. भोगनगर येथे तथागतांनी भिक्खूंना चार महापदेश सांगितले. कोणी म्हणेल, हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. कोणी म्हणेल, अमुक आवासातील संघाकडून ऐकले. कोणी अनेक विद्वान थेरांचे नाव सांगेल, कोणी एका थेराचे. या चारही प्रसंगी ऐकणाऱ्याने काय करावे? लगेच माना डोलावू नये आणि लगेच झिडकारूही नये. ती वाक्ये नीट समजून घ्यावीत, सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावीत आणि मग स्वीकारावीत अथवा सोडून द्यावीत. आपल्या व्याख्यानांतून कालाम सुत्ताचा उल्लेख वारंवार होतो, कारण त्यात ऐकीव गोष्टींवर, परंपरेवर, ग्रंथप्रामाण्यावर विसंबू नका असा उपदेश आहे. त्या मानाने महापदेशांचा उल्लेख फार कमी होतो. शंका घेण्याचा अधिकार कालामांना मिळाला. शंका घेतल्यावर पडताळा कसा करावा याची रीत महापदेशांत आहे. विद्यार्थ्याला दोन्ही हवीत. नुसती शंका शिकवली तर तो उद्धट होईल. नुसता पडताळा शिकवला तर कारकून होईल.

परमपूज्य बाबासाहेबांच्या ग्रंथांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांच्या लेखनपद्धतीतून एक स्वतंत्र पाठ्यक्रम तयार करता येईल. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. त्या निबंधात सेनार, नेसफिल्ड, रिस्ली, केतकर अशा पूर्वसूरींची मते ते आधी त्यांच्या नावानिशी मांडतात, त्यांत काय ग्राह्य आणि काय अग्राह्य ते सांगतात आणि मगच स्वतःचे प्रतिपादन करतात. 1936 साली जातिनिर्मूलनाविषयीचे न झालेले भाषण त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यावर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये टीका केली. पुढच्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका समाविष्ट केली आणि तिच्याशेजारी आपले उत्तर छापले. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचकासमोर ठेवण्याइतका आत्मविश्वास ज्याच्यापाशी आहे, तोच खरा संशोधक. 'दि अनटचेबल्स' हा 1948 मधील ग्रंथ पाहावा. इतिहासकाराने निश्चित काय, अनिश्चित काय आणि संशयास्पद काय हे वेगळे करून दाखवावे, हे मत त्याच्या प्रस्तावनेत येते. आणि ते गटेचे आहे हे बाबासाहेब नाव घेऊन सांगतात. जिथे पुराव्याची साखळी तुटते तिथे आपण तर्काने दुवा जोडत आहोत, हेही ते लपवीत नाहीत.

या परंपरेत आणखी एक नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे. 'दि बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या आवृत्तीत पाली वचनांचे मूळ ठिकाण जागोजागी दिलेले नव्हते आणि टीकाकारांनी त्याचे भांडवल केले. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना ही वचने तिपिटकात कोठे आहेत याचा शोध घेतला. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतही या ग्रंथाच्या पाली व अन्य आधारांची स्वतंत्र पुरवणी निघाली. भदन्तजींनी टीकाकारांना घोषणांनी उत्तर दिले नाही. पृष्ठे उघडून दाखवली. आमच्या मते श्रद्धेची याहून मोठी सेवा नाही.

आता आपल्या कागलच्या मातीतलेच एक उदाहरण घेऊ. मार्च 1920 मध्ये माणगाव येथे दक्षिण महाराष्ट्रातील बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते आणि राजर्षी शाहू छत्रपती स्वतः उपस्थित होते. या परिषदेवर प्रकल्प न करणारी शाळा आपल्या परिसरात क्वचितच सापडेल. पण दहा वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एका वहीत परिषदेच्या तारखा 21 व 22 मार्च असतात, दुसरीत 20 व 21, आणखी एखादीत 19 व 20. काही वह्यांत माणगाव रायगड जिल्ह्यात जाऊन पोहोचलेले असते. प्रत्येक मुलाने काहीतरी छापील किंवा मोबाइलवरील मजकूर पाहूनच लिहिले आहे. म्हणजे कोणीही खोटे बोललेले नाही. तरी सर्व बरोबर असणे शक्य नाही.

येथेच संशोधन सुरू होते. रायगडातील माणगाव कोठून आले? कारण त्या नावाचा तालुका तेथे खरोखरच आहे, तो महाडजवळ आहे आणि महाडचा सत्याग्रह आपल्या मुलांच्या मनात ठसलेला आहे. 19 आणि 20 या तारखा कोठून आल्या असतील? महाडची परिषद 19 व 20 मार्च 1927 रोजी झाली. दोन्ही मार्च महिने एकमेकांत मिसळले असण्याचा संभव आहे. मग आपले माणगाव कोणत्या तालुक्यात? आज ते हातकणंगले तालुक्यात आहे, परंतु 1920 साली ते कागल जहागिरीत होते. म्हणून 'कागल जहागिरीतील माणगाव' असे लिहिणारा आणि 'हातकणंगले तालुक्यातील माणगाव' असे लिहिणारा असे दोघेही बरोबर असू शकतात. फक्त एक तेव्हाचा कारभार सांगतो आणि दुसरा आजचा. राहिला तारखांचा प्रश्न. तो सोडवण्यासाठी घटनेच्या जवळचा कागद गाठावा लागतो. 'मूकनायक' हे पाक्षिक 31 जानेवारी 1920 रोजी सुरू झाले होते, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते आणि परिषदेचा वृत्तान्त त्यात आला. हे अंक शासनाने पुनर्मुद्रित केले आहेत. नववीतील मुलाने तो अंक उघडावा, वृत्तान्त वाचावा, तारीख टिपावी आणि खाली पत्राचे नाव, अंकाची तारीख, पृष्ठ लिहावे. त्यानंतर इतर पुस्तकांत भेटणाऱ्या तारखा एका तळटीपेत नोंदवाव्यात. एवढे केले की त्याच्या वहीतील तो एक परिच्छेद चाळीस पानांच्या चमकीदार वहीहून मोलाचा ठरतो.

बाबासाहेब त्या परिषदेच्या वेळी 28 वर्षांचे होते, असे मुलाने लिहिले तर त्याला कोणत्या पुस्तकाचा संदर्भ द्यायला हवा? कोणत्याच नाही. जन्म 14 एप्रिल 1891 आणि परिषद मार्च 1920, ही वजाबाकी त्याची स्वतःची आहे. इतरांकडून घेतलेले कोणते आणि आपण विचाराने काढलेले कोणते, हा भेद ज्या दिवशी मुलाला समजतो, त्या दिवशी त्याला 'माझे मत' या शब्दांचा अर्थ कळतो. संदर्भ दिल्याने स्वतःचे काही उरत नाही, अशी भीती काही विद्यार्थ्यांना वाटते. वास्तविक संदर्भांमुळेच आपले काय ते उठून दिसते.

शाहू महाराजांच्या जन्मतारखेचेही असेच आहे. अनेक जुन्या पुस्तकांत ती 26 जुलै 1874 अशी छापलेली आढळते. आज आपण 26 जून रोजी जयंती साजरी करतो आणि शासन तो दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते. मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा महाराजांचा आदेश मात्र 26 जुलै 1902 चा आहे. ज्या मुलाला पुस्तकाचे प्रकाशनवर्ष लिहिण्याची सवय नाही, त्याच्यापुढे जुने आणि नवे पुस्तक समान वजनाने येते व तो गोंधळतो. ज्याला ती सवय आहे तो म्हणेल, की जुन्या ग्रंथांत ही तारीख आहे, नंतरच्या संशोधनाने ती बदलली. ज्या घाटगे घराण्यात महाराज जन्मले ते कागलचे. निदान कागलच्या मुलाने तरी ही गोष्ट नीट सांगावी.

येथे आपल्या चळवळीलाही काही स्पष्ट सांगितले पाहिजे. वाघिणीच्या दुधाचे ते सर्वश्रुत वाक्य आपल्या वस्त्यांतील भिंतींवर, फलकांवर, दिनदर्शिकांवर लिहिलेले असते आणि खाली बाबासाहेबांचे नाव असते. ते कोणत्या भाषणातील, कोणत्या गावचे, कोणत्या वर्षीचे, याचा पत्ता त्या भिंतींवर आम्ही कधी वाचलेला नाही. बाबासाहेबांची त्रिसूत्री घ्या. मराठीत आपण 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असा क्रम म्हणतो. जुलै 1942 मध्ये नागपूर येथील परिषदेतील इंग्रजी भाषणात मात्र शिक्षणानंतर चळवळ येते आणि संघटन तिसऱ्या स्थानी येते. क्रम बदलला की विचारही थोडा बदलतो. मनाला अस्वस्थ केल्याशिवाय संघटना उभी राहत नाही, असा अर्थ मूळ क्रमातून निघू शकतो. त्यावर मुलांनी वाद घालावा. पण वाद घालण्यासाठी मूळ भाषण त्यांच्या हाती असले पाहिजे. मोबाइलवर रोज सकाळी बाबासाहेबांच्या नावाने जी वाक्ये फिरतात, त्यांतली काही त्यांची असतील, काही नसतील. आपल्या विरोधकांनी बाबासाहेबांच्या तोंडी भलतीच वाक्ये घातली की आपण संतापतो. तो संताप रास्त आहे. मात्र 'पुरावा दाखवा' असे त्यांना म्हणण्याचा अधिकार आपण स्वतःच्या फलकाखाली पुरावा लिहून मिळवला पाहिजे. शासनाने 1979 पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ते शाळांच्या कपाटांत आहेत. कपाटे उघडली पाहिजेत, एवढेच.

हा प्रश्न आपल्या समाजाच्या दृष्टीने केवळ शिस्तीचा नाही. दुसऱ्याचे श्रम त्याचे नाव न घेता वापरणे ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या सोसली आहे. तिला वेठ म्हणत. गावाचे निरोप कोणी नेले, सरहद्दीचे दगड कोणाला ठाऊक होते, मेलेली जनावरे कोणी ओढली, हे गावाला माहीत होते. पण गावाच्या इतिहासात त्यांची नावे नव्हती. शाहू महाराजांनी 1918 साली आपल्या संस्थानात महार वतनाची पद्धत मोडीत काढली, ती या अपमानाचे मूळ ओळखूनच. ताजे उदाहरणही आहे. 2025 च्या जून महिन्यात मिलान येथे प्रादा या इटालियन कंपनीच्या फॅशन प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे मांडली गेली आणि कोल्हापूरचा उल्लेख झाला नाही. महाराष्ट्रातून आक्षेप घेतला गेल्यावर या मांडणीमागील प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांचे आहे. ती घडवणारे हात प्रामुख्याने चर्मकार आणि ढोर समाजातील आहेत. ही बातमी वर्गात सांगितली की विद्यार्थी ताबडतोब संतापतात. त्याच वेळी त्यांना विचारावे: तुमच्या वहीतील तिसऱ्या पानावरचा परिच्छेद कोणी घडवला? त्याचे नाव कोठे आहे? संदर्भ म्हणजे काय, हे समजावण्यासाठी याहून वेगळ्या व्याख्यानाची गरज पडत नाही.

नाव घेण्याचा हा नियम छापील पुस्तकांपुरता ठेवू नये. आपला इतिहास मोठ्या प्रमाणात कागदावर नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूर खंड 1886 साली निघाला. त्यात गावे, पिके, जाती, देवळे यांची माहिती आहे, परंतु ती राज्यकर्त्यांच्या नजरेने लिहिलेली आहे. आपल्या गावात मेलेली जनावरे ओढणे केव्हा बंद झाले? पाणवठा केव्हा खुला झाला? 14 ऑक्टोबर 1956 ची वार्ता गावात कोणी आणली, देव्हाऱ्यातील देव कोणी विसर्जित केले? निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बायका किती वाजता घर सोडत? यांची उत्तरे गॅझेटियरमध्ये नाहीत. ती आजीपाशी आहेत. विद्यार्थ्याने ती लिहून घ्यावीत आणि पुस्तकाचा संदर्भ जितक्या काळजीने देतो तितक्याच काळजीने लिहावे: सांगणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव, वय, गाव, भेटीची तारीख, लिहून घेणाऱ्याचे नाव. तत्पूर्वी तिची परवानगी घ्यावी आणि लिहिलेले तिला वाचून दाखवावे. ज्या स्त्रीचे नाव आजवर शिधापत्रिका आणि मतदारयादी यांखेरीज कोठे छापले गेले नाही, तिचे नाव नातवाच्या निबंधात एखाद्या विद्वानाच्या नावाशेजारी येते, तेव्हा समता हा शब्द पाठ्यपुस्तकातून बाहेर येतो. अर्थात आजीच्या सांगण्यालाही महापदेशांची कसोटी लावावी. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज चहा घेत, ही कथा आपल्याकडे घरोघर सांगितली जाते आणि सांगणाऱ्यागणिक तिचा तपशील बदलत जातो. त्यामुळे कथा खोटी ठरत नाही; कोणाकडून ऐकली ते लिहिणे मात्र अधिकच आवश्यक ठरते.

यावर काही सहकारी प्रामाणिकपणे आक्षेप घेतात. आपली मुले पहिल्या पिढीची शिकणारी आहेत. आईवडील ऊसतोडणीला, वीटभट्टीवर, औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर. मुलाला दोन शुद्ध वाक्ये लिहिता आली तरी पुष्कळ. त्याच्यावर तळटीपांचे ओझे कशासाठी? या आक्षेपामागील कळवळा आम्ही समजू शकतो, परंतु निष्कर्ष मान्य करू शकत नाही. हाच मुलगा आठ-दहा वर्षांनी विद्यापीठात जाईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातील मजकूर दहा टक्क्यांहून अधिक जुळला तर तो दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो, चाळीस टक्क्यांहून अधिक जुळला तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही आणि साठ टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते. ज्याच्या घरी प्राध्यापक आहेत त्याला ही गोष्ट जेवणाच्या पानावर कळते. आपल्या मुलाला ती थेट शिक्षा होताना कळणार आहे का? गरीब मुलाला कमी शिकवणे ही दया नव्हे. मिस क्लार्क वसतिगृह 1908 मध्ये कोल्हापुरात सुरू झाले, त्यामागची दृष्टी मुलांना नुसते छप्पर देण्याची नव्हती.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे. अभ्यासक्रम, परीक्षा, शासनाची ऑनलाइन माहिती भरणे, यांतून शिक्षकाने हे केव्हा करावे? त्यावर आमचे उत्तर असे की कामे वाढवू नयेत, कमी करावीत. वर्षाला सात-आठ विषयांचे सात-आठ प्रकल्प करून घेण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एकच निबंध नीट करून घ्यावा. निवासी शाळेला त्यासाठी एक विशेष अनुकूलता आहे. संध्याकाळचा अभ्यासाचा तास आपल्या हातात आहे, ग्रंथालय आवारात आहे, आणि दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत मुले आपापल्या गावी जातात. म्हणजे माहिती गोळा करणारे संशोधक आपोआप पंचक्रोशीत पसरतात.

पायऱ्या अशा असाव्यात. पाचवी ते सातवीपर्यंत फक्त एकच सवय लावावी: काहीही लिहिले तर खाली 'हे मला अमुक पुस्तकातून मिळाले' किंवा 'हे मला अमुक व्यक्तीने सांगितले' असे एक वाक्य. आठवीत टिपणे काढण्यास शिकवावे. जुन्या वह्यांची कोरी पाने चौकोनी कापून टिपणकागद करावेत. एका कागदावर एकच मुद्दा, वरच्या कोपऱ्यात लेखक, पुस्तक, प्रकाशक, गाव, वर्ष आणि पृष्ठ. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर अवतरणचिन्हात. स्वतःच्या शब्दांत सांगितले असेल तर चिन्हाशिवाय, पण नावासह. अवतरणचिन्ह काढले आणि दोनचार शब्द फिरवले म्हणजे मजकूर आपला होत नाही, हे येथेच पक्के समजले पाहिजे. नववीत सातआठशे शब्दांचा निबंध असावा. त्याचा विषय नाव नसावा, प्रश्न असावा. 'शाहू महाराज' हा विषय नव्हे. 'आमच्या गावातील शाळेत पहिली मुलगी केव्हा दाखल झाली?' हा विषय होय, आणि त्याचे उत्तर शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये सापडते. निबंधाला निदान तीन आधार असावेत. एक पुस्तक, एक जुना कागद किंवा वर्तमानपत्र, एक बोलती व्यक्ती. विकिपीडिया आणि मोबाइल यांना मज्जाव करू नये. तेथून वाट विचारावी, मुक्काम मात्र मूळ ग्रंथात करावा. 'तत्रैव', 'उपरोक्त' असले संकेत मुलांच्या माथी मारण्याची गरज नाही. पुस्तकापर्यंत दुसऱ्याला पोहोचता येईल एवढा पत्ता पुरे.

गुणदानही बदलावे लागेल. वीस गुण असतील तर चार प्रश्नाला, सहा टिपणांना, सहा लेखनाला आणि चार संदर्भांना द्यावेत. सजावटीला एकही नको. टिपणकागद निबंधासोबत जमा करून घ्यावेत. ज्याच्यापाशी टिपणे आहेत त्याने निबंध कोठून उचलला ही शंका घेण्याचे कारण राहत नाही, आणि तपासणाऱ्याला पोलीस व्हावे लागत नाही. उतारा उचललेला आढळला तर पहिल्या वेळी शिक्षा न करता त्याच मुलाला तो उतारा ज्या पुस्तकातला आहे ते शोधून आणायला सांगावे. ते पुस्तक शोधता शोधताच त्याचा अर्धा अभ्यास होतो. आठवीनववीच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा कोल्हापुरात न्यावे. 1850 मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर, पुराभिलेख कार्यालय आणि शिवाजी विद्यापीठातील बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय ही तीन ठिकाणे एका दिवसात दाखवता येतात. पन्हाळा, रंकाळा पाहावेतच. पण शंभर वर्षांपूर्वीचा कागद काचेआडून पाहिलेला मुलगा पुढे इतिहासाविषयी वेगळ्या जबाबदारीने बोलतो.

आणि हे सर्व मुलांनाच कशासाठी? अशा स्मरणिकांमधूनही संस्थेचा इतिहास लिहिला जातो. पहिल्या वर्षी किती मुले होती, जागा कोणी दिली, पहिला स्वयंपाक कोणत्या बाईंनी केला, पावसाळ्यात वर्ग कोठे भरत, हे आठवणींतून सांगितले जाते आणि प्रत्येक वर्धापनदिनी थोडे वाढत जाते. संस्थेची इतिवृत्ते, हजेरीपट, पावतीपुस्तके अजून शाबूत आहेत तोवर ती वर्षवार लावून, त्यांची यादी करून ग्रंथालयात ठेवावी, अशी आमची व्यवस्थापनाला विनंती आहे. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या मुलाखती विद्यार्थ्यांनीच घ्याव्यात. त्यांत देणगीदारांच्या नावांइतक्याच ठळकपणे स्वयंपाकी, पहारेकरी आणि सफाई करणाऱ्या भगिनींची नावे यावीत. पुढील स्मरणिकेत मान्यवरांच्या शुभसंदेशांची पाने थोडी कमी करून विद्यार्थ्यांचे दहा निबंध, त्यांच्या संदर्भांसह, छापावेत. शुभसंदेश छापल्यानंतर सहसा पुन्हा कोणी उघडत नाही. पण पन्नास वर्षांनी कोणी कागल परिसराचा इतिहास लिहायला बसला, तर हे दहा निबंध तो निश्चित उघडील. खाली पत्ता लिहिलेला असल्यामुळे त्याला त्यांवर विसंबताही येईल, आणि पटले नाही तर ते तपासूनही पाहता येतील.